वसतिगृहाची आई : सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील

जैन परंपरेत दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. प्रवचनांतून, पाठशाळांतून आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे चार शब्द समाजातील प्रत्येक बालकाच्या कानावर पडतात. परंतु एकाच व्यक्तीच्या आयुष्यात ही चारही दाने एकत्र आलेली पाहावयास मिळणे हा दुर्मीळ योग होय. त्यातही ती व्यक्ती धनाढ्य श्रेष्ठी नसून एक साधी, शाळेची फारशी पायरी न चढलेली गृहिणी असेल, तर तिचे चरित्र समाजाने पुन्हा पुन्हा आठवावे असेच असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या धर्मपत्नी सौ. लक्ष्मीबाई पाटील यांचे जीवन असे आहे.

कर्मवीरांचे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले आहे. १९५९ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला, पुणे विद्यापीठाने त्याच वर्षी सन्मान्य डी. लिट्. पदवी दिली, गावोगावी त्यांचे पुतळे उभे राहिले. लक्ष्मीबाईंचे नाव मात्र बहुधा एका प्रसंगापुरते घेतले जाते. मंगळसूत्र विकून मुलांना जेवू घालणारी माउली, एवढ्या एका वाक्यात त्यांचे चरित्र आटोपते. तो प्रसंग थोर आहे यात शंका नाही, पण त्या एका प्रसंगामागे अनेक वर्षांचे अखंड कष्ट होते, मनातील संघर्ष होता आणि त्या संघर्षावर मिळविलेला विजय होता. त्याचा मागोवा घेतल्याखेरीज त्या दानाचे मोल कळणार नाही.

कुंभोजचे संस्कार

हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे गाव दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाला परिचित आहे. बाहुबलीचा डोंगर या गावाच्या परिसरातच आहे. भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी याच गावी, त्यांच्या आजोळी झाला. घराण्याचे मूळ कर्नाटकातील मूडबिद्रीकडचे. पुढे हे घराणे महाराष्ट्रात येऊन ऐतवडे बुद्रुक येथे स्थिरावले. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीस होते, तर आई गंगाबाई धर्मपरायण गृहिणी होत्या. लक्ष्मीबाईंचे माहेरही कुंभोजचेच. तेथील खात्यापित्या पाटील घराण्यातील ही कन्या. माहेरचे नाव आदाक्का.

त्या काळातील जैन शेतकरी कुटुंबातील मुलीचे शिक्षण म्हणजे घरातील शिक्षण. पाणी गाळून घ्यावे, धान्य पाखडून निवडून घ्यावे, सूर्यास्तापूर्वी चूल आवरावी, बस्तीतील दर्शन चुकवू नये, पर्वतिथीचे उपवास पाळावेत, दारी आलेल्यास विन्मुख पाठवू नये, हा त्या शिक्षणाचा अभ्यासक्रम होता. लेखन-वाचन हा मुलींचा विषय मानला जात नव्हता. विवाहही लहान वयातच होत. आदाक्काही त्या रीतीप्रमाणे लहान वयात पाटलांच्या घरी लक्ष्मीबाई होऊन आल्या. माहेरची सुस्थिती असल्याने अंगावर भरपूर सोने होते. त्या सोन्याची पुढे काय वाट लागणार आहे, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

पतीच्या संसारातील पहिली कसोटी

भाऊरावांचा स्वभाव आणि त्यांचा काळ यांची थोडी ओळख करून घेतल्याखेरीज लक्ष्मीबाईंच्या संसाराचे स्वरूप ध्यानात येत नाही. १८९९ साली स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. समाजातील मुलांनी आधुनिक शिक्षण घ्यावे यासाठी सभेने वसतिगृहांचा मार्ग अवलंबिला. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनाने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती, त्यांत दिगंबर जैन बोर्डिंगही होते. भाऊराव तेथे विद्यार्थी म्हणून राहिले. आण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखा विद्वान आणि कडक शिस्तीचा कार्यकर्ता तेथे देखरेखीस होता.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले आणि परत आल्यावर, वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्यांनी आपणास बोर्डिंगमधून काढले त्यांच्याविरुद्ध बोलण्याची ही संधी होती. परंतु खोटी साक्ष देणे भाऊरावांच्या रक्तात नव्हते. त्यांनी नकार दिला, त्यापायी तुरुंगवास सोसला आणि मनस्तापाच्या भरात जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर त्यांची सुटका झाली.

हे सारे घडत असताना लक्ष्मीबाई संसारात नव्याने पाऊल टाकलेल्या तरुण स्त्री होत्या. पती तुरुंगात, त्याच्या जिवाची शाश्वती नाही, राजदरबारातील बलाढ्य माणसे विरोधात आणि समाजात नाना तऱ्हेची कुजबुज. अशा काळात घर टिकवून धरणे ही काही लहान गोष्ट नव्हे. क्षमा आणि सत्य ही दशलक्षण पर्वातील धर्माची दोन लक्षणे पतीने तुरुंगात पाळली, त्याची किंमत घरी राहून पत्नीने चुकती केली.

रयत शिक्षण संस्थेचा जन्म

तुरुंगातून सुटल्यावर भाऊरावांनी निर्वाहासाठी विक्रेत्याची नोकरी पत्करली. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खेडोपाडी विकण्याच्या निमित्ताने त्यांनी दक्षिण महाराष्ट्र पायाखाली घातला. शेतकऱ्याचे दारिद्र्य, सावकाराचा पाश आणि या दोहोंच्या मुळाशी असलेले अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. इस्लामपूर येथे शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याला त्यांनी घरी नेले, जेवू घातले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. ज्ञानदेव घोलप हे त्या मुलाचे नाव. पुढे ते मुंबई विधिमंडळाचे सभासद झाले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे केंद्र सातारा येथे आले आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, लिंगायत, ब्राह्मण अशा सर्वांची मुले एका छपराखाली राहावीत, एका पंक्तीत जेवावीत, हा त्या काळात केवढा धाडसाचा संकल्प होता, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही. त्या वेळची बहुतेक वसतिगृहे एकेका जातीची होती. जैन बोर्डिंगमधून एका स्नानाच्या प्रश्नावरून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने सर्वांचे मिळून एक घर उभे केले.

परंतु घर म्हटले की घरधनीण आली. संकल्प भाऊरावांचा असला तरी त्या संकल्पाला रोज दोन वेळा शिजवून वाढायचे होते लक्ष्मीबाईंना.

सोवळ्याकडून समतेकडे

येथे लक्ष्मीबाईंच्या जीवनातील सर्वात अवघड वळण येते. पतीची सामाजिक मते शाहू छत्रपतींच्या आणि सत्यशोधक चळवळीच्या सहवासात घडली होती. लक्ष्मीबाईंना तो सहवास नव्हता. त्या सनातनी वळणाच्या घरात वाढल्या होत्या. स्वयंपाकघर हे त्यांचे पवित्र क्षेत्र होते. कोणी शिवावे, कोणी शिवू नये, कोणाच्या हातचे पाणी चालावे, याचे नियम त्यांनी लहानपणापासून पाळले होते. अशा स्त्रीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एके दिवशी ज्यांची सावलीही गाव टाळत असे, अशी मुले ताटली घेऊन उभी राहिली.

आरंभी हे त्यांना जड गेले. हे लपवून ठेवण्याचे काही कारण नाही. किंबहुना त्यातच त्यांच्या थोरवीचे मर्म आहे. जो जन्मतःच रूढीमुक्त आहे त्याला रूढी सोडण्याचे श्रेय कसले? लक्ष्मीबाईंनी मात्र जे मनापासून जपले होते ते मनापासून सोडले. कोणत्या व्याख्यानाने त्यांचे मन पालटले असे नव्हे. आईपासून दूर आलेले, रात्री अंथरुणात हुंदके देणारे, तापाने फणफणलेले मूल जवळ घेताना त्याची जात आठवत नाही, हा अनुभव त्यांना आला. चूल एकच राहिली, पंक्ती एकच राहिली आणि पोटची मुले व वसतिगृहाची मुले एकाच पंक्तीत जेवू लागली.

भगवान महावीरांच्या समवसरणात सर्व जीवांना स्थान होते, असे जैन समाज श्रद्धेने सांगतो. त्या समवसरणाचा अर्थ साताऱ्याच्या एका स्वयंपाकघरात एका अल्पशिक्षित श्राविकेने आचरून दाखविला. ज्या मुलाला सर्वत्र दूर लोटले जात होते त्याला येथे भय उरले नाही. याहून मोठे अभयदान ते कोणते?

आहारदान : चुलीवरचा हिशेब

वसतिगृह चालविणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या पिढीला यावी म्हणून थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. वाढत्या वयाच्या एका मुलास दोन वेळच्या मिळून चारच भाकरी धरल्या तरी पन्नास मुलांच्या दिवसाला दोनशे भाकरी होतात. तेवढ्या भाकरींचे पीठ दळायचे, तेवढे पाणी भरायचे, तेवढे सरपण आणायचे, तेवढी भांडी घासायची. गॅसची शेगडी नव्हती, नळाचे पाणी घरोघरी नव्हते. रयत शिक्षण संस्थेने ‘स्वावलंबी शिक्षण’ हे आपले ब्रीद मानले होते. त्यामुळे मुले स्वतः दळण-कांडण करीत, पाणी भरीत, शेतात राबत. परंतु लहान मुलांच्या हातून ही कामे करवून घ्यायची, त्यांना शिकवायची आणि त्यांच्या हातून राहिलेले पुरे करायचे, ही जबाबदारी घरातील स्त्रीचीच असते. लक्ष्मीबाईंनी ती वर्षानुवर्षे वाहिली.

धान्य येई ते लोकांकडून. भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि पैसा मागत. शेतकऱ्याने सुगीत दिलेले धान्य काही महिने पुरे, मग तुटवडा पडे. सुगीचे पायलीभर देणारे हात पावसाळ्यात रिकामे असत. मुलांचे पोट मात्र बाराही महिने सारखेच असते. हा मधला खड्डा लक्ष्मीबाईंच्या अंगावरील सोन्याने बुजविला. माहेरहून आलेला एकेक दागिना सोनाराच्या तराजूत गेला. पाटल्या गेल्या, गळ्यातील गेले, शेवटी एकच अलंकार उरला, ते सौभाग्याचे मंगळसूत्र.

रयत परिवारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा तो प्रसंग असा. भाऊराव निधी आणि धान्य जमविण्यासाठी बाहेरगावी गेलेले. वसतिगृहातील धान्य संपलेले. मुले उपाशी राहण्याची वेळ आली. लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि त्याच्या पैशातून मुलांच्या जेवणाची सोय केली. 

त्या काळच्या स्त्रीच्या मनात मंगळसूत्राला केवढे स्थान होते, हे लक्षात घेतले म्हणजे या त्यागाची उंची कळते. पती जिवंत असताना गळा मोकळा ठेवणे म्हणजे अशुभ ओढवून घेणे, अशी समजूत घराघरांत होती. शेजारपाजारच्या बायकांच्या नजरा, नातलगांचे बोल, स्वतःच्याच मनातील धास्ती, हे सर्व ओलांडून तो हात गळ्याकडे गेला. अपरिग्रह हे व्रत ग्रंथात वाचणे निराळे आणि शेवटचा अलंकार उतरवून देणे निराळे. शिवाय हे दान जाहीर सभेत, टाळ्यांच्या गजरात झालेले नाही. पाटीवर नाव कोरले जाईल या अपेक्षेनेही झालेले नाही. ते स्वयंपाकघरात झाले आणि दोन वेळच्या भाकरीत विरून गेले.

औषधदान आणि ज्ञानदान

खेड्यातून आलेल्या मुलांना खरूज, ताप, हगवण यांसारखे आजार नेहमीचे असत. वसतिगृहात डॉक्टर ठेवण्याइतका पैसा नव्हता. आजारी मुलाची उशाशी बसून शुश्रूषा करणे, पेज करून भरविणे, रात्र रात्र जागणे हे सर्व लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. औषध थोडे आणि माया पुष्कळ, अशा उपचारांवर त्या काळातील कित्येक मुले वाढली.

लक्ष्मीबाई कोणत्याही शाळेत शिक्षिका नव्हत्या. हाती खडू घेऊन त्या कधी फळ्यापुढे उभ्या राहिल्या नाहीत. तरीही त्यांना शिक्षिका म्हणणे यथार्थ ठरेल. वर्गात शिकलेला धडा विद्यार्थी विसरतो, परंतु पंक्तीत शेजारी बसून जेवण्याने जो धडा मिळतो तो आयुष्यभर राहतो. समतेवरील निबंध लिहून समता येत नाही. ती एका ताटातील कोरड्यासात आणि भाकरीत येते. पुढे रयत शिक्षण संस्थेचे शिक्षक म्हणून जे तरुण खेडोपाडी गेले, त्यांतील पहिल्या पिढीने हा धडा वसतिगृहातच गिरविला होता. त्यांना घडविणारी ही शाळा होती आणि तिच्यातील आद्य गुरू एक गृहिणी होती.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले. त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. अस्पृश्यता निवारणाचे काम देशभर सांगत फिरणाऱ्या महात्म्याला येथे सर्व जातींची मुले एकत्र राहताना, एकत्र राबताना आणि एकत्र जेवताना पाहावयास मिळाली. त्या दिवसाच्या वर्णनांत व्यासपीठावरील नावे आढळतात. परंतु जे दृश्य पाहून पाहुणे प्रसन्न झाले, ते दृश्य उभे करण्यात ज्यांचे हात रोज पोळत होते, त्या माउलीचे स्मरण इतिहासाने त्याच आदराने ठेवणे उचित ठरेल.

अकाली निरोप

१९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. वय फार नव्हते. ज्या रोपट्याला त्यांनी ओंजळीओंजळीने पाणी घातले, त्याचा वटवृक्ष झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३२ साली पुण्यात निघालेले युनियन बोर्डिंग त्यांनी पाहिले नाही. १९३५ साली साताऱ्यात सुरू झालेले अध्यापक विद्यालय, १९४० चे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ चे छत्रपती शिवाजी महाविद्यालय, १९५४ चे कराडचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय, यांतील काहीच त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले नाही. भाऊरावांना त्यांच्यानंतर एकोणतीस वर्षांचे आयुष्य लाभले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांनी देह ठेवला, तोपर्यंत संस्था महाराष्ट्रभर पसरली होती. २०१९ साली संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. तिच्या शाखांची संख्या सातशेच्या वर गेली आहे आणि वटवृक्ष हेच तिचे बोधचिन्ह आहे.

संस्थेने त्यांचे नाव विसरू दिले नाही. सोलापूर येथे रयत शिक्षण संस्थेचे महिला महाविद्यालय ‘लक्ष्मीबाई भाऊराव पाटील’ या नावाने ओळखले जाते. जिला स्वतःला शाळेत बसण्याची संधी मिळाली नाही, तिच्या नावाच्या इमारतीतून मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, यापरते योग्य स्मारक दुसरे नाही.

समाजातील श्राविकांची परंपरा

लक्ष्मीबाई एकट्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जैन समाजातील अनेक स्त्रियांनी शिक्षणासाठी आयुष्य वेचले. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर रडत न बसता विद्याभ्यास केला आणि विधवा व निराधार भगिनींसाठी श्राविकाश्रमाचे कार्य उभे केले. सोलापुरात श्राविका विद्यालयाच्या माध्यमातून पंडिता सुमतीबाई शहा यांनी मुलींच्या अनेक पिढ्या घडविल्या. त्यांच्या कार्याचा पद्मश्री देऊन गौरव झाला. मगनबाई आणि सुमतीबाई यांच्या हाती विद्या होती, लक्ष्मीबाईंच्या हाती केवळ पोळपाट-लाटणे आणि परात होती. साधने वेगळी होती, व्रत एकच होते.

या मोठ्या नावांच्या मागे न नोंदलेल्या असंख्य स्त्रिया उभ्या आहेत. गावोगावच्या पाठशाळांत रोज संध्याकाळी मुलांना णमोकार मंत्र आणि बालबोध शिकविणाऱ्या बाई, प्राथमिक शाळेत पस्तीस पस्तीस वर्षे नोकरी करून घरी सासू-सासरे, दीर-नणंदा आणि नातवंडे यांचा मोठा गोतावळा सांभाळणाऱ्या शिक्षिका, वसतिगृहातील मुलांसाठी सणाला घरून पुरणपोळीचा डबा धाडणाऱ्या आज्या. त्यांच्या घरात शिकायला राहिलेला भाचा, पुतण्या किंवा गावाकडचा एखादा गरीब मुलगा हमखास असे. त्यांचे घर हेच लहानसे बोर्डिंग होते.

स्मरण कसे करावे

कोणत्याही धर्मादाय संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की जुनी दप्तरे काढली जातात. देणगीदारांच्या याद्या छापल्या जातात, विश्वस्तांची छायाचित्रे लावली जातात. ते योग्यच आहे. परंतु त्या याद्या लक्षपूर्वक वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. देणगी बहुधा पुरुषाच्या नावावर असते. त्या देणगीसाठी जे सोने मोडले गेले ते कोणाच्या अंगावरचे होते, याची नोंद वहीत नसते. समारंभाला पाचशे पाने उठली असे लिहिलेले असते, ती पाने कोणी वाढली हे लिहिलेले नसते. जमाखर्चात धान्याची किंमत येते, दळणाऱ्या हातांची येत नाही. लक्ष्मीबाईंचे चरित्र ही उणीव प्रकर्षाने दाखवून देते. त्यांच्या दागिन्यांची पावती कोठे फाटली नाही. भाकरीच्या रूपाने ती शेकडो मुलांच्या देहात गेली आणि त्या मुलांच्या आयुष्यातून समाजापुढे आली.

म्हणून अशा प्रसंगी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची हकीकत लिहून ठेवणे हे एक कर्तव्य ठरते. आजीचे शिक्षण किती झाले, तिने कोणाकोणाला घरी ठेवून शिकविले, कोणत्या अडचणीत कोणता दागिना मोडला, मंदिराच्या वा शाळेच्या कामाला तिने काय दिले, या गोष्टी आज विचारल्या तर सांगणारे कोणी तरी आहे. आणखी वीस वर्षांनी कदाचित ते असणार नाही. ज्या समाजाने ताडपत्रांवरील ग्रंथ शतकानुशतके जपले, त्या समाजाला आपल्या माता-भगिनींचे चार पानी चरित्र जपणे अशक्य नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आज अनेक ट्रस्टची वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि भोजनशाळा उत्तम प्रकारे चालू आहेत. इमारती सिमेंटच्या झाल्या, गिरण्या आणि गॅस आले. आता दान देणे पूर्वीइतके कष्टाचे राहिले नाही. परंतु दाराशी आलेले मूल कोणाचे, हा प्रश्न न विचारता त्याला जवळ घेणे आजही तितकेच अवघड आहे. लक्ष्मीबाईंनी सोने दिले हे सर्वजण सांगतात. सोन्याआधी त्यांनी आपल्या मनातील भेद दिला होता, हे क्वचितच सांगितले जाते. सोने पुन्हा घडविता येते. मनातील भेद एकदा टाकला की पुन्हा घ्यायचा नसतो. त्या दानाची परंपरा चालविणे हेच त्यांचे खरे स्मरण होय.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चारही दानांचा वसा आपल्या साध्या संसारातून चालविणाऱ्या, शेकडो लेकरांची आई झालेल्या या थोर श्राविकेच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.